मोल नांवाचा प्राणी व त्यास पकडण्याचे सापळे

इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून व गोष्टींच्या पुस्तकांतून "मोल" हें नांव आमच्या विद्यार्थ्यांच्या वाचनांत अनेकदां येतें. केनेथ ग्रेहॅम यांच्या १९०८ सालीं प्रसिद्ध झालेल्या "द विंड इन द विलोज" या पुस्तकांत तर मोल हेंच एक प्रमुख पात्र आहे. परंतु या शब्दाचा अर्थ विचारला असतां कोणी "चिचुंद्री" म्हणतो, कोणी "घूस" म्हणतो, तर कोणी "आंधळा उंदीर" असें सांगून वेळ मारून नेतो. यांपैकीं एकही उत्तर बरोबर नाहीं, आणि यांत विद्यार्थ्यांचा फारसा दोषही नाहीं. मोल हा प्राणी महाराष्ट्रांत होतच नाहीं. आणि जो प्राणी आपल्या मातींत नाहीं, त्यास आपल्या भाषेंत घरचें नांव कोठून असणार? भारतांत त्याचा एक भाऊबंद पूर्व हिमालयांत, दार्जिलिंग व सिक्कीमच्या बाजूस, आढळतो. ब्रायन हॉजसन यांनीं १८४१ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें.

मग जो प्राणी आपण पाहिलेला नाहीं, त्याच्याविषयीं व त्याच्या सापळ्यांविषयीं माहिती वाचून आम्हांस काय लाभ, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, इंग्लंडांतील माळ्यांनीं व शेतकऱ्यांनीं या प्राण्याशीं शतकानुशतकें जो झगडा चालविला, त्यांत सर्वांनीं घेण्यासारखा एक धडा आहे. ज्या प्राण्यास आवरावयाचें, त्याच्या संवयी आधीं कळल्या पाहिजेत. त्या न कळतां लावलेला सापळा रिकामा राहतो, किंवा भलत्याच जीवाचा प्राण घेतो. हा धडा आपल्या परसांतही उपयोगी पडतो, हें शेवटीं दिसून येईल.

प्रथम त्या प्राण्याची ओळख करून घेऊं. मोल दिसण्यांत उंदरासारखा असला तरी तो उंदराच्या जातीचा नव्हे. उंदीर, घूस, खार हे कुरतडणारे प्राणी होत. मोल हा किडे व गांडुळें खाणारा होय. म्हणून नात्यानें पाहूं गेल्यास तो उंदरापेक्षां चिचुंद्रीस अधिक जवळचा आहे. युरोपांतील सामान्य मोलाची लांबी सुमारें ११ ते १६ सेंटिमीटर, म्हणजे एका वितीहून कमी, असून त्याचें वजन सुमारें ७० ते १३० ग्रॅम भरतें. शरीर लांबट व गोल, मान जवळजवळ नाहींच, शेपूट आंखूड, बाहेरचे कान मुळींच नाहींत, आणि अंगावर काळी, मखमलीसारखी दाट लव. ही लव कोणत्याही एका दिशेस झुकलेली नसते. त्यामुळें अरुंद भुयारांत त्यास जितक्या सहज पुढें जातां येतें तितक्याच सहज मागेंही सरकतां येतें. पुढचे पंजे फावड्यासारखे रुंद व बाहेर वळलेले असतात. पांच बोटांखेरीज अंगठ्याच्या बाजूस एक जास्त हाड असल्यामुळें त्या फावड्याची रुंदी आणखीच वाढते. डोळे मोहरीएवढे व लवेंत दडलेले असतात. तो अगदींच आंधळा नसतो. उजेड व अंधार यांतील भेद त्यास कळतो. परंतु त्याचा खरा आधार म्हणजे नाकाचा शेंडा. त्या शेंड्यावर स्पर्शज्ञानाचे असंख्य सूक्ष्म अवयव असल्यामुळें भुयारांतील लहानसहान फरकही त्यास तत्काळ समजतो.

मोलाचें मुख्य अन्न गांडूळ होय. आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मे अन्न त्यास दररोज लागतें, आणि कांहीं तास उपास घडला तरी त्याच्या जिवावर बेततें. गांडुळें पुष्कळ मिळालीं म्हणजे त्यांच्या डोक्याकडील भागास चावा घेऊन तो त्यांस पंगू करितो व जिवंतच सांठवून ठेवितो. अशा एकेका कोठारांत शेंकडों गांडुळें आढळलीं आहेत. हें सर्व अन्न तो भुयारांतच मिळवितो. जमिनींतून सरकणारीं गांडुळें व अळ्या भुयाराच्या पोकळींत येऊन पडतात, आणि मोल त्या वाटेनें फेरी मारून तीं गोळा करितो. सुमारें चार तास फेरी व चार तास विश्रांति, असा त्याचा क्रम दिवसरात्र चालतो. म्हणजे भुयार हेंच त्याचें घर, तोच त्याचा रस्ता आणि तेंच त्याचें शिकारीचें जाळें होय.

ही भुयारें दोन प्रकारचीं असतात. एक प्रकार जमिनीच्या अगदीं पृष्ठाजवळचा. त्यांत माती वर उचलली जाऊन लांबट उंचवटा दिसतो. हीं भुयारें बहुधा अल्पकाळ वापरलीं जातात. दुसरा प्रकार खोल व कायमचा. हीं भुयारें खणतांना निघालेली माती कोठें तरी टाकावी लागते. म्हणून मोल एक उभें छिद्र पाडून ती वर ढकलितो, आणि हिरवळीवर मातीचा गोल ढीग उभा राहतो. हा ढीग म्हणजे मोलाचें दार नव्हे. तो केवळ खोदकामाचा केर होय. ही गोष्ट ध्यानांत न घेतां नवशिके लोक ढिगांतच सापळा पुरतात व हात हलवीत परत येतात. आणखी एक गोष्ट अशी कीं, मोल हा एकलकोंडा आहे. वसंतांतील विणीचा काळ सोडल्यास तो आपल्या भुयारांत दुसऱ्या मोलास येऊं देत नाहीं. त्यामुळें बागेंत दहावीस ढीग दिसले तरी ते पुष्कळदां एकाच प्राण्याचें काम असतें. "मोलानें काढलेल्या ढिगाचा डोंगर करणें" अशी जी इंग्रजींत म्हण आहे, तिचा भाव आपण "राईचा पर्वत करणें" या शब्दांनीं व्यक्त करितों. पण माळ्यास तो ढीग खरोखरच डोंगराएवढा वाटतो.

त्याचें कारण उघड आहे. इंग्लंडांत घरापुढील हिरवळ, क्रिकेटचें मैदान, चेंडू घरंगळविण्याच्या खेळाची जागा, हीं सर्व सपाट राखण्यास फार श्रम पडतात, आणि एका रात्रींत त्यांवर मातीचे ढीग उठतात. त्या मातींतील खडे गवत कापण्याच्या यंत्राचीं पातीं बोथट करितात. कोंवळ्या रोपांखालून भुयार गेलें म्हणजे मुळें पोकळींत लोंबतात व रोप सुकतें. शेतकऱ्याचें नुकसान याहून मोठें असतें. गुरांसाठीं आंबवून ठेवलेल्या चाऱ्यांत ही माती मिसळली तर तो चारा बिघडतो, आणि त्यांतील रोगजंतूंमुळें मेंढ्यांस प्राणघातक रोग जडूं शकतो. इतिहासांतही या प्राण्याचें नांव आलें आहे. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचा घोडा १७०२ सालीं हॅम्प्टन कोर्ट येथें ठेंचकाळला. राजा खालीं पडून त्याचें गळ्याजवळील हाड मोडलें, व थोड्याच दिवसांत त्यास मृत्यु आला. घोडा मोलाच्या ढिगावर अडखळला अशी समजूत असून राजाचे विरोधक "काळी मखमल ल्यालेल्या छोट्या गृहस्था"च्या नांवानें पेला उचलीत असत.

परंतु न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मोल रोपांचीं मुळें किंवा कंद खात नाहीं. तशा चोऱ्या बहुधा उंदरांच्या असतात व आळ मात्र भुयार खणणाऱ्यावर येतो. गवताचीं मुळें खाणाऱ्या कित्येक अळ्यांचा तो फडशा पाडतो. त्याच्या भुयारांमुळें जड जमिनींत हवा खेळते व पाण्याचा निचरा होतो. ढिगांतील भुसभुशीत माती तर माळी आनंदानें कुंड्यांत भरतात. म्हणून रानांत, कुरणाच्या कडेस किंवा फळबागेंत मोल असला तर त्यास सुखानें राहूं द्यावें, असाच जाणत्यांचा सल्ला आहे. सापळ्याचा विचार जेथें खरें नुकसान होत असेल तेथेंच करावा.

पूर्वीच्या काळीं हा विचार कोणी करीत नसे. इंग्लंडांत १५६६ सालीं धान्याच्या रक्षणासाठीं जो कायदा झाला, त्यांत उपद्रवी ठरविलेल्या प्राण्यांबरोबर मोलाचेंही नांव होतें, आणि मारलेल्या प्रत्येक मोलामागें अर्धा पेनी बक्षीस देण्याची त्यांत तरतूद होती. पुढें गांवोगांव मोल पकडणाराचा एक स्वतंत्र धंदाच झाला. हा मनुष्य शेतांतून हिंडे, पकडलेले मोल कुंपणावर ओळीनें टांगून ठेवी, आणि मालक ते मोजून त्यास मजुरी देई. मखमली कातड्यांसही गिऱ्हाईक असे. त्यांचे कोट व बंड्या शिवीत. बापानें मुलास हा धंदा शिकवावा व भुयार ओळखण्याची खूण दुसऱ्यास सांगूं नये, असाही प्रघात असे.

आतां सापळ्यांकडे वळूं. उंदरासाठीं आपण पिंजरा लावितों तेव्हां आंत कांहीं तरी खाद्य अडकवितों. वासानें उंदीर येतो व अडकतो. मोलाच्या बाबतींत हें तत्त्व फारसें चालत नाहीं. त्यास जिवंत गांडुळें हवीं असतात, आणि तीं त्याच्या वाटेवर आयतींच मिळतात. म्हणून त्याचा सापळा आमिषावर अवलंबून नसतो, तर त्याच्या संवयीवर अवलंबून असतो. तो आपल्या ठराविक वाटेनें फेरी मारतो, आणि वाटेंत कांहीं अडथळा आला तर त्यास ढकलून पुढें जाऊं पाहतो. सर्व सापळ्यांची रचना या एकाच ढकलण्याभोंवतीं केलेली असते.

जुना सापळा लांकडाच्या पोकळ नळकांड्याचा असे. त्याच्या दोन्ही तोंडांशीं घोड्याच्या केंसांचे किंवा तारेचे फांस बसवीत, मधोमध एक खुंटी ठेवीत, आणि फांसांच्या दोऱ्या जमिनींत रोवून वांकविलेल्या लवचिक काठीस बांधीत. मोल आंत शिरला कीं खुंटी ढकलली जाई, वांकविलेली काठी सरळ होई, व फांस आवळला जाई. पुढें याच कल्पनेवर लोखंडी सापळा निघाला. त्यांत काठीच्या जागीं पोलादी स्प्रिंग असते व नळकांडें अर्धेंच असतें. दोन फांस असल्यामुळें प्राणी कोणत्याही बाजूनें आला तरी सांपडतो. दुसरा प्रकार कात्रीसारखा. त्याचे दोन जबडे भुयारांत उघडे राहतात व मध्यें एक लहान पट्टी त्यांस रोखून धरते. पट्टी सरकली कीं जबडे मिटतात. या सापळ्याच्या मुठी जमिनीवर राहतात, आणि जबडे मिटले म्हणजे मुठी एकमेकींपासून दूर होतात. त्यामुळें सापळा उडाला कीं नाहीं हें उभ्या उभ्या कळतें. अमेरिकेंत आणखी एक प्रकार वापरतात. तेथील कित्येक मोल पृष्ठाजवळून भुयारें काढतात. म्हणून उंचवट्याचा एक भाग पायानें दाबून त्यावर अणकुचीदार सळयांचा सापळा उभा करितात. मोल दबलेली माती पुन्हां वर उचलतो, पट्टीस धक्का लागतो, व सळया खालीं घुसतात.

सापळा कितीही उत्तम असला तरी खरें कौशल्य तो लावण्यांत आहे. प्रथम वापरांतील भुयार शोधावें लागतें. दोन ताज्या ढिगांच्या मधल्या जागेंत बोथट काठी ठिकठिकाणीं हळूच खोंचून पाहतात. काठी एकाएकीं सहज खालीं गेली म्हणजे पोकळी लागली असें समजावें. कुंपणाच्या, भिंतीच्या किंवा पायवाटेच्या कडेनें जाणारीं भुयारें बहुधा कायमचीं असतात व तींच उत्तम. नंतर सापळ्याच्या मापाची गवताची ढेप कापून काढतात, भुयारांत पडलेली सुटी माती उपसतात, आणि तळ बोटांनीं दाबून घट्ट करितात. तळ सैल राहिला तर मोल सापळ्याखालून नवी वाट काढतो. मग सापळा भुयाराच्या दिशेस अगदीं सरळ बसवून वरून ढेप व बारीक माती अशी घालतात कीं उजेडाची तिरीप किंवा वाऱ्याची झुळूक आंत जाऊं नये. कारण भुयारास भोंक पडलें असें वाटतांच मोल तें मातीनें बुजवितो, आणि त्या मातींत सापळाही पुरला जातो. स्प्रिंग जोरदार असल्यामुळें बोटें संभाळावीं लागतात. हें काम मुलांनीं एकट्यानें करण्यासारखें नव्हे.

सापळा लावल्यावर काम संपलें असें मात्र नाहीं. तो दिवसांतून निदान एकदां, शक्य तर दोनदां, पाहिलाच पाहिजे. एखादे वेळीं प्राणी तत्काळ न मरतां अडकून राहतो, आणि त्यास तसाच तळमळत ठेवणें हें क्रौर्य होय. इंग्लंड व वेल्समध्यें २००६ सालच्या प्राणिकल्याणाच्या कायद्यानें, हातीं सांपडलेल्या प्राण्यास विनाकारण यातना देणें हा गुन्हा ठरतो. कोणी दयेनें जिवंत पकडण्याची नळी वापरतात. पण तीवर तर याहूनही बारीक लक्ष ठेवावें लागतें. मोलास कांहीं तासांचाही उपास सोसत नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. सकाळीं लावलेली नळी दुसऱ्या दिवशीं पाहणारा मनुष्य जिवंत प्राणी सोडून देत नाहीं. तो उपासानें मेलेला प्राणी बाहेर काढतो. दया करावयाची तर ती मनांत असून भागत नाहीं, वेळेवर उठून सापळा पाहण्याचे कष्टही घ्यावे लागतात.

आणि इतकें करूनही बाग कायमची मुक्त होत नाहीं. एक मोल गेला कीं त्याचीं तयार भुयारें ओस पडतात, आणि शेजारचा दुसरा मोल लवकरच त्यांत बिऱ्हाड थाटतो. म्हणून कंटाळून लोक इतर उपायांकडे वळतात. कोणी भुयारांत डांबराच्या गोळ्या टाकतात, कोणी लसूण पुरतात, कोणी वाऱ्यानें घुमणाऱ्या बाटल्या रोवतात, तर कोणी आवाज करणारीं यंत्रें विकत आणतात. यांनीं मोल खात्रीनें हटतो असें सिद्ध झालेलें नाहीं. पूर्वी गांडुळांस स्ट्रिक्निन हें भयंकर विष लावून तीं भुयारांत टाकीत. हें विष ब्रिटनमध्यें २००६ पासून बंद झालें. विषारी वायु वापरण्याचें काम शिकलेल्या माणसांकडेच सोंपविलेलें आहे. निरनिराळ्या देशांचे विचारही निरनिराळे आहेत. जर्मनींत मोल हा संरक्षित प्राणी असून त्यास मारण्यास मनाई आहे. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत २००० सालीं लोकांच्या मतानें अंग आवळणारे सापळे बंद करण्यांत आले, आणि त्यांत मोलाचेही सापळे आले. आयर्लंडास मात्र हा प्रश्नच पडलेला नाहीं, कारण त्या बेटावर मोल मुळींच नाहींत.

आतां आपल्या घराकडे येऊं. आपल्या परसांत, केळीच्या आळ्याशीं किंवा भिंतीच्या पायथ्याशीं, मातीचा ताजा ढीग दिसला तर तो मोलाचा नव्हे, बहुधा घुशीचा असतो. घूस कुरतडणारी आहे. ती कंद, भुईमूग व धान्य खाते, बिळांत धान्य सांठविते, आणि घराचा पायाही पोखरते. तिचा ढीग बिळाच्या तोंडाशींच असतो. म्हणून तिच्यासाठीं मोलाचा सापळा निरुपयोगी व आमिषाचा पिंजरा उपयोगी. पिंजऱ्यांत खोबऱ्याचा तुकडा, भजें किंवा सुका बोंबील अडकवावा. नवी वस्तु पाहून हे प्राणी बिचकतात. याकरितां पहिले दोनतीन दिवस पिंजऱ्याचें दार उघडेंच बांधून ठेवावें व खाद्य खाऊं द्यावें, आणि मग चाप लावावा. उघडें धान्य व खरकटें यांचा बंदोबस्त न करतां केवळ पिंजरे लावणें म्हणजे एकीकडून पाणी उपसून दुसरीकडून नळ सोडण्यासारखें आहे.

येथें आरोग्याचीही गोष्ट येते. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तो उंदीर व त्यांच्या अंगावरील पिसवा यांच्यामार्फत पसरला. आजही उंदीर-घुशींच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस हा रोग होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत त्याचे पुष्कळ रुग्ण आढळले. म्हणून पिंजरा उघड्या हातानें हाताळूं नये, काम झाल्यावर हात साबणानें धुवावे, आणि पायास जखम असतां सांचलेल्या पाण्यांत शिरूं नये. पालकांनींही हें काम मुलांवर सोंपवूं नये, अशी आमची विनंती आहे.

एक शेवटची सूचना. पिंजऱ्यांत कधीं कधीं लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री सांपडते. पुष्कळ घरीं तिला उंदीर समजून ठार मारितात. वस्तुतः ती झुरळें व किडे खाऊन आपलें कामच हलकें करीत असते. तिला घराबाहेर नेऊन सोडून द्यावें. नाक, दांत व पाय नीट पाहिले असते तर हा फरक लहान मुलासही कळला असता. तेव्हां बागेंत ढीग दिसतांच हत्यार शोधण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या: माती ताजी आहे काय, बिळाचें तोंड उघडें आहे काय, काय खाल्लें गेलें आहे, आणि खरोखर नुकसान किती आहे. या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावरच सापळा हवा कीं नको हें ठरवावें. आणि लावलाच तर तो रोज पाहण्याची जबाबदारी आधीं कोणी तरी घ्यावी.